केसपेपरवरचे सव्वाआठ

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आम्ही विहारात जाणारी माणसं, अंगारे-धुपारे आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. एकोणीस वर्षं स्टाफ नर्स आहे, शवागाराच्या शेजारच्या खोलीत बसून निवांत डबा खाल्लाय... पण हे लिहितानाही हातावर काटा आलाय बघा.

मूल आणि चामोर्शी या गावांच्या मधलं एक ग्रामीण रुग्णालय, नाव नको. रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस, सकाळचे साडेअकरा. कॅज्युअल्टीत मी आणि डॉक्टर. जीप थांबली आणि एका बाईला उचलून आत आणलं. सुषमा म्हणू तिला, वय सव्वीस. सोबत नवरा आणि सासू. तिनं औषध, म्हणजे फवारणीचं विष, घेतलं होतं. शुद्ध अजिबात नाही, श्वास घरघरतोय. डॉक्टर तिच्याकडे धावले, मी केसपेपर ओढला.

"कधी घेतलं?"

"आत्ताच जी, अर्धा घंटा झाला," सासू म्हणाली.

"कोणतं? बाटली कुठी आहे?"

"नाई सापडली." नवरा खाली बघत होता.

हे आम्हाला नेहमीचंच. पोलीस केस होईल, गावात नाव जाईल, म्हणून लोक बाटली दडवतात, वेळ कमी करून सांगतात, वर पेशंटला आंघोळ घालून धुतलेलं लुगडं नेसवून आणतात. सुषमाचे केस ओलेच होते. माझं डोकं फिरतं अशा वेळी. अहो, विष कोणतं, वेळ किती गेला, आधी कुठे कुठे फिरवलं, यावरच तर पेशंट किती गंभीर होणार ते ठरतं. तुम्ही खोटं बोललात की आम्ही अंधारात चाचपडतो, आणि जीव तिचा जातो.

"अर्धा तासच असेल तर इथेच बघू," डॉक्टर म्हणाले. मी केसपेपर पुढे केला. त्यांनी वाचला आणि माझ्यावरच चिडले. "सिस्टर, हे आधी सांगायचं ना. ॲम्ब्युलन्स बोलवा, चंद्रपूरला हलवायचं."

मी कागद पाहिला. अक्षर माझंच. वेळ — सकाळी सव्वाआठ. खाली लिहिलेलं — आधी भगताकडे नेले. बाटली ढोलीमागे.

खरं सांगते, यातलं एक अक्षर लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. आजही नाही.

डॉक्टरांनी ते मोठ्यानं वाचलं तशी सासू मटकन खाली बसली. "बाई, तुले कोनं सांगतलं? भगताकडचं तं शेजारच्याईले बी मालूम नाई." नवऱ्यानं घरी भावाला फोन लावला. धान साठवायच्या ढोलीमागे, पोत्याखाली बाटली होती. सुषमा बेशुद्ध पडल्यावर सासूनं स्वतःच्या हातानं ती तिथे दडवली होती. मोबाईलवर बाटलीचा फोटो आला, डॉक्टरांनी नाव वाचलं आणि उपचार त्याप्रमाणे सुरू झाले. मग ॲम्ब्युलन्स निघाली.

सुषमा वाचली! चंद्रपूरला बरेच दिवस काढले तिनं, पण वाचली. महिन्याभरानं आमच्याकडे तपासणीला आणि समुपदेशनाला आली, आपल्या पायांनी चालत. मला इतका आनंद झाला की तिचा हातच धरला. मग न राहवून त्या दिवसाचं सांगितलं. मला वाटलं, घाबरेल. ती घाबरली नाही.

"मी तुमच्या बाजूलेच तं उभी होती, सिस्टर. तुम्ही इचारून राह्यल्या होत्या, ते खोटं सांगून राह्यले होते. मंग मीच सांगतलं. तुम्ही म्हणाल्या, सांग बाई, मी लिहून राह्यली."

"मी असं म्हणाले?"

"हो जी." तिनं पदर सारखा केला. "म्हणून तं वापस आली मी. त्या दिवसापर्यंत मले काय होते, काऊन होते, कोणी इचारलंच नव्हतं."

डॉक्टर म्हणतात, गर्दीत कुणीतरी बोललं असेल. पण गर्दी नव्हतीच हो, आम्ही मोजकी माणसं होतो. याचा उलगडा मला झालेला नाही आणि होईल असं वाटतही नाही. एक मात्र तेव्हापासून करते. असा पेशंट आला, कितीही बेशुद्ध असला, तरी नातेवाईकांच्या आधी त्याच्या कानाशी वाकून विचारते, "काय झालं बाबा? सांग, मी लिहून राह्यली." लोक हसतात. मी पेन उघडून थोडा वेळ थांबते.