ताईच्या चित्रासाठी

परवा लखनौला विकास नगरच्या घरी खिडकीच्या जाळ्यांना रंग लावला आणि टर्पेंटाइनच्या वासासरशी मला आलमबागेतलं एका चित्रकाराचं दुकान आठवलं. बाबा तेव्हा बख्शी का तालाबला एअर फोर्समध्ये होते. माझ्या जन्माआधी, पाच वर्षांची असताना, ताई तापाने गेली होती आणि तिचे फोटो बदलीच्या सामानात हरवले होते. म्हणून आईने तिचं चित्र काढून घ्यायचं ठरवलं आणि तोंडावळा सारखा म्हणून स्टुलावर मला बसवलं. उकाडा भयंकर, नाकाला खाज सुटलेली आणि चित्रकार सारखा ओरडायचा, ‘बिटिया, हिलो मत!’ त्याने गाल गुलाबी रंगवले. आई वैतागली, ‘भैया, वो साँवली थी.’ त्याने रंग गडद केला, तर बाबा म्हणाले, ‘एवढी सावळी नव्हती गं, तुला आठवत नाही.’ ‘मला आठवत नाही?’ आईचा आवाज चढला. मग केसांवरून, हनुवटीवरून दोघांची जुंपली. शेवटी चित्रकाराने ब्रश आपटला, ‘साहब, पहले तय तो कर लीजिए, बच्ची कैसी थी!’ आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘जैसी ये है, वैसी ही बना दीजिए.’ ते चित्र आता माझ्या हॉलमध्ये आहे. येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘बचपन में आप कितनी प्यारी थीं!’ खुलासे करून मी कंटाळले आहे, पण आई अजूनही आतल्या खोलीतून ओरडते, ‘ये नहीं, वो मेरी बड़ी वाली है!’