कडेने बघणं

माझं काम लोकांना सांगायला अवघड. प्रकाशाचा झोत मधे किती, कडेला किती, हे मी मोजते. झोताच्या आड ब्लेडचं पातं जरा जरा सरकवायचं आणि पलीकडे किती उजेड उरतो ते बघत जायचं, म्हणजे झोताचा आकार कळतो. तोंडवलीतल्या आमच्या शेजाऱ्यांच्या मते मी पुण्यात बॅटऱ्या दुरुस्त करते.

यंदा मे महिन्यात घरी गेले, तर आई बोलताना भलतीकडेच बघायची. मी आधीच तापट. उशिरा आले म्हणून रुसली असणार असं धरून मीही फुगून बसले. शेवटी न राहवून, गोडीगुलाबीने घ्यावं म्हणून, तिला लॅपटॉपवर माझ्या नव्या झोताचं चित्र दाखवलं. झळझळीत वलय आणि मधोमध काळोख. तो जमवायला आम्हाला महिने लागले होते.

आई म्हणाली, "ह्यात नवीन काय? माका सगळाच असा दिसता. तुझा तोंडपण."

ती नुसत्या हाताच्या सवयीवर भाकऱ्या थापत होती आणि मला पत्ता नव्हता.

"सांगूक काय झाला तुका?" मी ओरडलेच.

"तू काम टाकून येतलंस म्हणान."

ओरोसच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याचा पडदा मधे झिजलाय, गेलेली नजर परत यायची नाही. कडेची मात्र चांगली आहे. परतताना बसमध्ये आई एवढंच बोलली, "तुझा तोंड एकदा नीट बघूक व्हया होता." मला रडू आवरेना.

मग मला येतं तेच मी केलं. ओटीच्या भिंतीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुंभ ताणून मोठी फुली केली, म्हणजे मधलं दिसलं नाही तरी कडेच्या टोकांवरून आईला मध्य कळेल. आईने खुर्चीत बसून फुलीच्या मध्यावर नजर धरायची आणि मी लाल कागदाचा तुकडा कडेकडून आत सरकवत न्यायचा.

"आसा?"

"आसा."

"आता?"

"गेलो."

गेला तिथे पेन्सिलने खूण. नजर हलवू नको म्हणून मी कितीदा खेकसले. "तुझे झोत गप रवतत, म्हणान तुझा चलता," आई म्हणाली.

खुणा जोडल्या, तर तो काळा डाग गोल नव्हताच. आईच्या उजव्या हाताला तो अगदी अरुंद होता. म्हणजे तिने जरा डावीकडे बघितलं, तर समोरचं माणूस डागाच्या बाहेर यायला हवं. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"माझ्याकडे बघू नको. माझ्या उजव्या खांद्यामागे खिडकीची कडी आसा, थंय बघ."

आई कडीकडे बघत राहिली. मान थोडी फिरवली, परत आणली, थांबली. माझा जीव टांगणीला लागला होता. मग तिने हात पुढे केला आणि माझ्या नाकावर बोट टेकवलं.

"चष्मो कधी लागलो गो तुका?"

मला चष्मा लागून दोन गणपती झाले होते.