दुपारी एकची लेकीसुनांची मॅच

मी स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये एमबीए करतेय म्हटल्यावर आमच्या वाडीत पहिला प्रश्न आला तो असा, की म्हणजे तू पीटीची बाई होणार का. मी चिडायचे आणि समजावत बसायचे. खेळ हासुद्धा एक धंदा आहे, त्यात प्रायोजक असतात, प्रक्षेपण असतं, खेळाडूंचे करार असतात, आणि हे सगळं चालवायला शिकलेली माणसं लागतात. समोरची बाई शांतपणे ऐकून घ्यायची आणि विचारायची, मग शाळा कुठली मिळणार? तेव्हा मला त्यांच्या अडाणीपणाची कीव यायची. आता आठवलं की माझी मलाच येते.

आमचं गाव हातखंब्यापासून बरंच आत. वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, मंडळाचं कबड्डीचं मैदान आहे. मे महिन्यात मुंबईकर घरी आले की तिथे दोन दिवसांची स्पर्धा होते, चिपळूण, लांजा, राजापूरकडून संघ येतात. आणि पहिल्या दिवशी दुपारी चार वाजता लेकीसुनांची मॅच. एका बाजूला गावाच्या लेकी, म्हणजे लग्न होऊन गेलेल्या माहेरवाशिणी आणि बिनलग्नाच्या मुली. दुसऱ्या बाजूला गावात आलेल्या सुना. पूर्वी कासोटा घालून खेळायच्या, आता ट्रॅकपँटवर कुर्ता. बक्षीस काही नाही. पण त्या अर्ध्या-पाऊण तासाला गावातलं एक माणूस घरात सापडायचं नाही, आणि लांबच्या लेकी त्या मॅचच्या हिशोबाने माहेरी यायचं ठरवायच्या.

आई सुनांची कॅप्टन. ती शाळेत असताना तालुक्यापर्यंत खेळलेली. लग्न झालं आणि खेळ संपला, राहिली ती वर्षाची ही एक मॅच. मी नववीत असताना पहिल्यांदा लेकींकडून उतरले. चढाईला गेले, समोर आई दिसली, म्हणून तिच्याच बाजूने आत घुसले. मला वाटलं, आपली आई आहे. तिने माझा घोटा असा धरला की मी तोंडावर आपटले आणि तोंडात लाल माती गेली. सगळं मैदान हसत होतं. रात्रभर मी तिच्याशी बोलले नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला माझी आई पहिल्यांदा दिसली. घरात ती कधीच इतकी मोकळी नसायची.

पुढे मी जिल्ह्याकडून खेळले, गुडघा गेला, आणि खेळता येत नाही तर खेळात राहता तरी येईल म्हणून मुंबईच्या त्या कोर्सला अर्ज केला. मुलाखतीत मी लेकीसुनांच्या मॅचबद्दल सांगितलं. समोरचे तिघेही कागद बाजूला ठेवून ऐकत होते. मला प्रवेश त्या मॅचने मिळवून दिला, असं मी आजही मानते.

वर्गात बाकीची मुलं टेनिस, पोहणं, गोल्फ असल्या घरातली. परदेशी लीगची नावं त्यांच्या तोंडात शेंगदाण्यासारखी असायची. मी मागे बसायचे आणि सगळं लिहून घ्यायचे. इव्हेंट शिकवणारे सर सांगायचे की दिवसाचा प्रत्येक तास वेगळ्या किमतीचा असतो. ज्या वेळी प्रेक्षक मोबाइलवर सामना बघत असतात ती वेळ प्रायोजकाची, आणि ज्या वेळी कोणी बघत नाही तो डेड स्लॉट, तिथे कमी महत्त्वाचं काय असेल ते टाकायचं. मला हे फार पटलं. इतकी वर्षं आपल्याकडे सगळं कसं अंदाजाने चालतं, असं वाटून लाज वाटली.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक खरी स्पर्धा उभी करून दाखवायची होती. मी आमच्या मंडळाची घेतली. सेक्रेटरी काका खूश झाले, गावची पोरगी शिकून आली म्हणून त्यांनी सगळं माझ्या हातात दिलं. मी पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीला प्रायोजक म्हणून आणलं. मॅट आणली, मांडव घातला, चार कॅमेरे लावले. मुंबईतली एक इव्हेंट कंपनी माझं काम बघून मला नोकरीवर घेणार होती, त्यामुळे माझा जीव त्या दोन दिवसांत अडकलेला होता. टाक्यांच्या कंपनीला उद्घाटन चार वाजता, लाइव्ह हवं होतं. चार वाजता लेकीसुनांची मॅच असते हे मला ठाऊक होतं. मी ती उचलली आणि दुपारी एकला ठेवली. डेड स्लॉट. मांडव होता म्हणून उन्हाचा प्रश्न नव्हता, एवढा विचार मी केला होता.

आईला फोनवर वेळ सांगितली. ती म्हणाली, तुला बरोबर वाटत असेल तर बघ. मला वाटलं तिला पसंत आहे. आमच्याकडे बायकांना नाही म्हणायचं असलं की त्या असंच म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते मी ऐकलं नाही एवढंच.

त्या दिवशी एक वाजता माइकवरून दोनदा पुकारा झाला. मॅट रिकामी. मी तणतणत खाली वाडीत आले. आमच्या अंगणात राजापूरचा संघ पंगतीला बसला होता. आई भाताचं तपेलं कमरेशी धरून वाढत होती, शेजारची काकू आमटी वाढत होती, आणि पुण्याहून आलेली तिची लेक मागे ताटं धूत होती. बाहेरून आलेल्या संघांना वाडीवार जेवायला घालायचं ही आमच्याकडची रीत. एक वाजता प्रत्येक घरात हेच चाललेलं असतं. शेवटची पंगत उठून, भांडी आवरून बायका मोकळ्या होतात साडेतीनला, आणि म्हणून ती मॅच चारला असते. मी त्या घरात वाढलेली. लहानपणी ह्याच पंगतीत मी पाणी वाढलेलं. वेळापत्रकात जेवणाचा वेगळा रकाना करून त्यात मी माझ्या हाताने ‘स्थानिक सहकार्य’ असं लिहिलं होतं. एकाच तासाला त्याच बायका मी दोन ठिकाणी मांडल्या होत्या, आणि वीस-पंचवीस वेळा तो कागद तपासूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आईने माझ्याकडे बघितलं. ती चिडलेली नव्हती.

“तूच सांग गो,” ती म्हणाली. “ह्यांना भात वाढू की खेळायला येऊ?”

मी तशीच परत फिरले. मला वर जायचं होतं, कॅमेरेवाले थांबले होते.

पुढचं जे झालं ते मला जास्त लागतं. पावणेचारला बायका आल्या. कोणी बोलावलं नव्हतं, इतक्या वर्षांची सवय म्हणून आल्या. अंघोळी करून, वेण्या घट्ट बांधून, चौदाच्या चौदा. त्यात एक सावंतवाडीहून पहाटेची एसटी पकडून आलेली होती. मैदानाला दोऱ्या लावलेल्या होत्या आणि गळ्यात कार्ड असल्याशिवाय कोणाला आत सोडायचं नाही असं मीच बजावून ठेवलं होतं. त्यांना अडवलं. मग मला बोलावलं.

दोरीच्या एका बाजूला मी, गळ्यात कार्ड, हातात वॉकीटॉकी. दुसऱ्या बाजूला आई. मी टाक्यांच्या कंपनीच्या माणसाला विचारलं, पंधरा मिनिटं देता येतील का. तो सभ्यपणे म्हणाला की निर्णय तुमचा आहे, पण मग चारचं लाइव्ह चुकेल. निर्णय माझा होता हे त्याने खरंच सांगितलं. तो नको म्हणाला असता तर मला आयुष्यभर त्याला बोल लावता आला असता.

मी आईला म्हटलं, “पुढच्या वर्षी नक्की ठेवू, आई. मी स्वतः बघेन.”

आईने मान हलवली आणि मागे वळून बाकीच्यांना काहीतरी सांगितलं. त्या घरी गेल्या नाहीत. दोरीच्या बाहेर, शेवटच्या ओळीमागे उभ्या राहून त्यांनी उद्घाटन बघितलं, टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या मला नको होत्या.

स्पर्धा उत्तम झाली. मला चांगले गुण मिळाले, नोकरी मिळाली, आणि माझा रिपोर्ट सर अजून नव्या मुलांना दाखवतात. कोणीही त्यात चूक काढलेली नाही.

पुढच्या वर्षी मी महिनाभर आधी सेक्रेटरी काकांना फोन केला. ते म्हणाले, ती मॅच तर तूच बंद केलीस ना, आम्ही तुझाच कागद धरून चाललोय. मी भांडले. कंपनीचं उद्घाटन पाचवर नेलं, चारची वेळ परत घेतली, पत्रिकेत पहिल्या ओळीत लेकीसुनांची मॅच छापून घेतली. फोनवर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बरं. ह्या वेळी मी त्यातला नकार नीट ऐकला, तरी मी रजा टाकून गेलेच.

चार वाजता सुना आल्या. सात होत्या, आई पुढे. लेकींची बाजू रिकामी होती. मी एकेकीचं विचारलं. पुण्याची येणार नाही म्हणाली होती. सावंतवाडीची ह्या वर्षी माहेरी आलीच नव्हती. गावातल्या मुली होत्या, पण त्या मांडवात बसून राहिल्या, मोठ्या बहिणी नाहीत तर आम्ही कशाला, म्हणून. मी आईला म्हटलं की एवढं त्यांना काय लागलं, वेळेचा घोळ झाला होता, मी सगळ्यांना फोन करून माफी मागते.

“सासरी कोणी दाराबाहेर उभं केलं तर बाई ते गिळते,” आई म्हणाली. “माहेरात कोणी दोरी लावली तर ती परत कशी येईल?”

मग मी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि मॅटवर लेकींच्या बाजूला जाऊन उभी राहिले. गुडघा खराब होता, पण मला दुसरं काही सुचेना. समोर सातजणी होत्या. मांडवात कोणी हसलं नाही. आई मधली रेषा ओलांडून माझ्यापर्यंत आली, तिने माझ्या कमरेची गाठ सोडली आणि ओढणी माझ्या खांद्यावर नीट घातली.

“चल,” ती म्हणाली. “एकटीशी कोण खेळणार?”