दारातून मोजलेली नाडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि ती आता नाही. आजकाल माझीच नाडी मधूनमधून बुडते. मुलगा मनगट धरून बसतो, आणि मला त्याच्या बोटांची भीती वाटते. का, ते तुम्हाला सांगतो.

ठाण्याच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो, जखमा धुणं-बांधणं माझं काम. बाळकुमच्या एका महाराचा पाय गाडीच्या चाकाखाली चिरडला होता. डॉक्टरांनी सकाळी तो कापला. लगेच पलीकडच्या खोलीत दुसरा रोगी टेबलावर होता. जाताना त्यांनी स्वतःचं घड्याळ माझ्या हाती दिलं. म्हणाले, "अंग गार पडायच्या आधी नाडी बारीक होते, धावू लागते. तेव्हाच खाटेच्या पायथ्याखाली विटा घालून तो उंच कर नि मला हाक मार. मागाहून काही होत नाही."

चार विटा दारापाशी रचलेल्या होत्या.

आठ दिवसांवर मुलाची मुंज होती — याच मुलाची. दवाखान्यात महारांना शिवतोस, असं कानावर आलं तर दारात भटजी येणार नाही, असं जातवाल्यांनी मला बजावलं होतं. शिवणार नाही, असा मी शब्द दिला होता. डॉक्टरांना सांगायची छाती नव्हती. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. मग काय केलं? दारात उभा राहिलो. छाती वरखाली होते आहे ना, ते पाहिलं — आणि वहीत नाडीचे आकडे लिहिले. चौऱ्याऐंशी. शहाऐंशी. पुन्हा चौऱ्याऐंशी.

त्याची बायको उशाशी बसली होती. म्हणाली, "दादा, हात गार लागतोय यांचा. येकदा धरून बघा ना."

मी दारातूनच सांगितलं, गुंगी उतरताना असं होतंच.

डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं आणि स्वतःच विटांकडे धावले. उशीर झाला होता. नंतर त्यांनी वही वाचली. नाडी शेवटपर्यंत चांगली होती, अचानकच गेली, कुणाचा दोष नाही — असं त्यांनी तिला समजावलं. मला म्हणाले, नोंद नीट ठेवलीस.

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिने एक शब्द काढला असता तर — त्या शब्दाच्या धास्तीत मी चाळीस वर्षं काढली. मुंज मात्र थाटात झाली.

मी त्याची नाडी धरलीच नव्हती. आकडे माझ्या मनाचे होते. तो वाचला असता का? मला माहीत नाही. ते कळावं म्हणूनच तर नाडी धरायची होती.