दोनताईंचा कागद

नव्या मॅनेजरने व्यायामशाळेच्या काउंटरमागे सहा चौकटी टांगल्या. पाचांमध्ये पाच ट्रेनरांची प्रमाणपत्रं, आणि सहावी कोरी, मागचा पुठ्ठा दाखवत. ती दोनताईंची. त्या दिवसापासून दोनताईंचं कशात म्हणून लक्ष लागेना.

दोनताई हे नाव बायकांनी ठेवलेलं. एखाद्या व्यायामाचे ठरलेले बारा झाले की कुठलाही दयाळू माणूस थांबेल, या मात्र शांतपणे म्हणायच्या, "अजून दोन." रडकुंडीला आलेल्या बाईला अजून दोन, आणि वाढदिवस असला तर हमखास अजून दोन. सकाळची बायकांची बॅच त्यांनी अकरा वर्षं अशी हाकली होती. कोणाची पाठ कुठे वाकते, कोण श्वास कोंडून धरते, कोण आरसा दिसला की पोट आत ओढते, हे त्यांना पाठमोरं असतानाही कळायचं. शिकल्या होत्या त्या आपल्या उस्तादांकडून, आधी स्वतः वजन उचलून आणि मग दुसऱ्यांना उचलायला लावून. प्रमाणपत्र घ्यायचं तेवढं राहून गेलं होतं. इतक्या वर्षांत कोणी मागितलंही नव्हतं.

"विमा कंपनीने कळवलंय, मॅडम," मॅनेजर म्हणाला. तो वयाने लहान, बोलायला गोड आणि ऐकायला बहिरा. "एक तारखेपासून प्रमाणपत्र नसेल तर कोणाला ट्रेनिंग देता येणार नाही. तोपर्यंत नाही जमलं, तर तुम्हाला काउंटरला घेतो."

"काउंटरला? टॉवेल द्यायला?"

"टॉवेल, लॉकरच्या किल्ल्या, नवीन नोंदणी. सोपं काम आहे."

सोपं काम आहे, हे ऐकून दोनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक वळल्या. आत गेल्या, आणि त्या दिवशी बॅचला अजून दोनऐवजी अजून चार मिळाले.

आता कोर्स निवडणं आलं. दोनताईंनी फोन उघडला आणि त्यांचं डोकंच भणभणलं. जो तो प्रमाणपत्र द्यायला टपून बसलेला. कोणी आठ दिवसांत मास्टर ट्रेनर करत होतं, कोणी घरबसल्या, आणि एक जण तर म्हणाला, तुम्ही फक्त फोटो पाठवा, बाकीचं आम्ही बघतो. गाळून गाळून हाती दोन उरले.

पहिला शनिवार-रविवारचा. व्यायाम आणि आहार दोन्ही, आणि रविवारी संध्याकाळी सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र हातात. परीक्षा असते का, असं विचारल्यावर फोनवरची मुलगी म्हणाली, "असते ना. पण काळजी करू नका, आजवर आमच्याकडे कोणीही नापास झालेलं नाही." हे तिने अभिमानाने सांगितलं.

दुसरा नऊ महिन्यांचा. तिथल्या गृहस्थांना सर्दी झाली होती आणि त्यांनी गोड असं काहीच सांगितलं नाही. हाडं आणि स्नायू नावानिशी पाठ हवेत. परीक्षकासमोर खऱ्या माणसांकडून व्यायाम करून घ्यावा लागतो. प्रथमोपचाराची परीक्षा वेगळी. पास झालात तरी दर दोन वर्षांनी पुन्हा तपासणी. आणि दर वर्षी एकतृतीयांश लोक नापास होतात.

"आणि आहाराचं काय?" दोनताईंनी विचारलं.

"निरोगी माणसाला चार सर्वसाधारण गोष्टी सांगू शकाल. आजारी माणसाला तक्ता लिहून द्यायचा नाही. कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं आणि कोणाला आहारतज्ज्ञाकडे, ते ओळखायला शिकवतो."

"म्हणजे काय करायचं नाही, ते शिकायला नऊ महिने?"

"बरेचसे," गृहस्थ म्हणाले आणि शिंकले.

दोनताईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा येरझाऱ्या सुरू केल्या. नवरा टेबलाशी चहा पीत बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वरखाली करणाऱ्या माणसाला घरात तरी स्थिर काहीतरी बघायला हवं असतं.

"बस एका जागी. मला गरगरायला लागलंय."

"तू सांग, कुठला घेऊ?"

"मी काय सांगू? आमच्यात लायसन्स नसेल तर मशीनच्या खोलीची किल्लीही हातात देत नाहीत."

"तुला किती दिवस लागले लायसन्सला?"

"दोन वर्षं. पहिल्यांदा नापास झालो होतो."

"हे लग्नाआधी नाही सांगितलंस."

"तू विचारलं नव्हतंस," नवरा म्हणाला, आणि त्याने कप सिंकमध्ये नेऊन ठेवला.

दोनताईंना खरं तर मनातून माहीत होतं कुठला कोर्स चांगला. पण त्यांना भीती वाटत होती. वजनाखाली कधी न डगमगलेली ही बाई बाकावर बसून नापास व्हायला घाबरत होती. शिवाय नऊ महिने बॅच दुसऱ्याच्या हाती जाणार. नऊ महिन्यांत बायका माणसाला विसरतात, असं त्यांनी स्वतःला तीनदा सांगितलं आणि शनिवार-रविवारसाठी नाव घातलं. नाव घातल्यावर जिवाला बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. वाटलं नाही.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, टेलर मावशी बॅचला आल्या त्या गालात काहीतरी धरून. मावशींचं शिवणाचं दुकान व्यायामशाळेमागच्या दुसऱ्या गल्लीत. दिवसभर मशीनवर बसून गुडघे धरलेले, म्हणून गेली सहा वर्षं येत होत्या, आणि एकदाही उशिरा आल्या नव्हत्या.

"मावशी, तोंडात काय आहे?"

"काही नाही हो. बर्फ."

"उकाडा आहे खरा," दोनताई म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

खुर्चीवरून उठायचा व्यायाम चालू असताना मावशींचे डोळे फिरले. त्यांनी भिंतीची दांडी धरली म्हणून पडल्या नाहीत. दोनताईंनी त्यांना आडवं केलं, पाय उंच ठेवले, साखरपाणी दिलं आणि दरडावलं, "रिकाम्या पोटी येत जाऊ नका." मावशी कसनुसं हसल्या. एरवी दोनताईंनी हा विषय सोडला नसता. पण डोक्यात ती कोरी चौकट होती, शनिवार होता, आणि घड्याळ पुढे सरकत होतं. त्यांनी पुढचा सेट सुरू केला.

शनिवारी वर्ग भरला तो एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये. साठेक खुर्च्या, प्रत्येकीवर एक पुस्तिका आणि एक पेन. शिकवणारे सर कानाला माइक लावून इकडून तिकडे फिरत होते. सकाळभर त्यांनी उत्साह कसा ठेवावा, गिऱ्हाईक कसं टिकवावं हे सांगितलं; गुडघा हा शब्द एकदाही आला नाही. मग म्हणाले, पान बावीस उघडा, हा तुमचा हुकमी एक्का.

पान बाविसावर वजन घटवण्याचा आदर्श तक्ता होता. दोनताई वाचू लागल्या. सकाळी अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी उकडलेल्या भाज्या. चौथ्या दिवसापासून मीठ बंद. सहाव्यापासून पाणी निम्मं. त्यांना वाटलं, हे कुठेतरी पाहिलंय. आणि मग तळाशी ते वाक्य आलं: 'तहान फार लागली तर बर्फाचा एक तुकडा गालात धरावा. चावू नये, आपोआप विरघळू द्यावा.'

ते वाक्य त्यांचंच होतं, शब्दन् शब्द. अकरा वर्षांपूर्वी, नोकरीला लागल्या लागल्या, त्यांनी ते वजनकाट्यावर कागद टेकवून लिहिलं होतं. स्पर्धेत उतरणाऱ्या एका मुलीला वजनाच्या गटात बसायला आठ दिवस उरले होते. मुलगी एकोणीस वर्षांची, ठणठणीत, आणि उस्ताद रोज सकाळी तिची नाडी बघत होते. एका मुलीसाठी, आठ दिवसांपुरता तो कागद होता. स्पर्धा झाली आणि कागद कपडे बदलायच्या खोलीत राहिला. तिथून तो कोणीतरी झेरॉक्स केला, कोणीतरी टाइप केला, कोणीतरी फोनवर पुढे ढकलला. वाटेत आठ दिवस गळून गेले. पुस्तिकेत सहा आठवडे छापले होते.

दोनताईंनी हात वर केला. "सर, हा तक्ता कोणी तयार केला?"

"परदेशातल्या ताज्या संशोधनावर आधारलेला आहे, मॅडम," सर म्हणाले.

दोनताईंना हसू आलं. अगदी ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थिजलं. बर्फ. गालात बर्फ. मंगळवार.

पुस्तिका पिशवीत कोंबून त्या उठल्या. दारातली मुलगी म्हणाली, "मॅडम, आत्ता गेलात तर हजेरी भरणार नाही, आणि प्रमाणपत्र मिळणार नाही." दोनताईंनी ते ऐकलं, आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून त्या रस्त्यावर आल्या.

मावशी मशीनवर होत्या. रिळांच्या शेजारी स्टीलचा पेला, त्यात बर्फ.

"मावशी, कुठला कागद पाळताय तुम्ही?"

मावशींनी चाक थांबवलं. ड्रॉवरमधून, मोजपट्टीखालून, चार घड्या घातलेला कागद काढला. पकडले गेल्याची लाज होती चेहऱ्यावर, आणि थोडी मजाही. "तुम्हाला सांगणारच होते. पाच किलो उतरले की मग. म्हटलं, एकदा तरी तुम्हाला तोंडात बोटं घालायला लावावं."

"किती दिवस झाले?"

"एकोणीस."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत तुम्हाला?"

सहा वर्षांत दोनताईंनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता.

"ब्लडप्रेशरची एक. आणि सकाळी एक, पाय सुजतात त्याची. तिने सारखं लघवीला जावं लागतं."

दोनताईंनी तो कागद हातात घेतला. एक गोळी अंगातलं पाणी बाहेर काढत होती आणि कागद पाणी आत जाऊ देत नव्हता. "कोणी दिला हा तुम्हाला?"

"आपल्या बॅचमध्ये सगळ्यांकडे आहे. दोनताईंचा कागद म्हणतात. दुसऱ्या कोणाचा असता तर डॉक्टरांना विचारलं असतं. तुमचा म्हटल्यावर कशाला विचारायचं?"

शिवायला आलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर दोनताई मटकन बसल्या. अकरा वर्षं त्या ज्या विश्वासावर जगल्या होत्या, तोच समोर स्टीलच्या पेल्यात विरघळत होता.

"माझाच आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्यासाठी नव्हता. चुकीचा आहे, मावशी. उठा, दुकान बंद करा."

दवाखान्यात डॉक्टरांनी मावशींचं ब्लडप्रेशर बसवून मोजलं, उभं करून मोजलं, रक्त तपासायला घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे असलं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मावशी एकदम छताकडे बघू लागल्या. मेल्या असत्या तरी त्यांनी नाव घेतलं नसतं.

"मी," दोनताई म्हणाल्या.

मावशी आठवडाभर दुकानात बसल्या नाहीत, पण सावरल्या. दोनताई रविवारी वर्गाला गेल्या नाहीत. दिवसभर बॅचमधल्या एकेकीला फोन करत राहिल्या. कोणी कागद फाडते म्हणाली, कोणी म्हणाली मी कधीच सोडला, आणि एक जण चक्क चिडली, की मला त्याने फरक पडलाय आणि आता तुम्ही नाही म्हणता. संध्याकाळपर्यंत दोनताईंचा घसा बसला होता. आणि बॅच सोडून आणखी किती जणांच्या फोनमध्ये तो कागद होता, ते मोजायला काही साधनच नव्हतं.

सोमवारी त्यांनी मॅनेजरला सांगितलं. "फक्त एक दिवस राहिला होता, मॅडम," तो हळहळला, आणि त्याचं हळहळणं खरं होतं. एक तारखेला नवी ट्रेनर आली. सहाव्या चौकटीत तिचं प्रमाणपत्र लागलं, सोनेरी शिक्क्याचं. दोनताई त्याच्या बरोबर खाली काउंटरला बसल्या. सर्दीवाल्या गृहस्थांकडे त्यांनी नाव घातलं होतं. टॉवेलांच्या गठ्ठ्याआड त्यांचं जाड पुस्तक उघडं असायचं, आणि खांद्याची हाडं काही केल्या पाठ होत नव्हती.

सगळ्यात वाईट म्हणजे आतला आवाज ऐकू यायचा. नवी ट्रेनर बारा मोजून थांबायची. दोनताईंच्या जिभेवर अजून दोन यायचं आणि पाय काउंटरखाली उगाच हलत राहायचे. मग त्यांना वाटायचं, इतकी वर्षं ज्यांना अजून दोन म्हटलं, त्यातल्या कितीजणींना ते करायला नको होतं, कोण जाणे. हा विचार त्यांना पुस्तकावर टिकू देत नव्हता.

एका सकाळी एक नवी बाई नोंदणीला आली. कोरे बूट, कोरी बॅग, हातात फोन. "तो बर्फवाला डाएट इथेच देतात ना? माझ्या बहिणीला कोणीतरी पाठवलाय. तिचे सात किलो उतरले म्हणे."

तिने फोन पुढे धरला. आता कागदाला फुलांची किनार आली होती आणि अक्षरं जांभळी झाली होती. तळातलं वाक्य तसंच होतं. त्या आठवड्यातली ही तिसरी.

"देत नाही," दोनताई म्हणाल्या. "तो मी लिहिला होता, दुसऱ्या कोणासाठी तरी, आठ दिवसांपुरता. बहिणीला आजच सांगा, बंद कर." त्यांनी नोंदणीचा फॉर्म ओढला. त्यात नाव, पत्ता, फोन एवढंच होतं. खाली रिकाम्या जागेत त्यांनी पेनाने एक ओळ आखली. "बसा. आधी सांगा, गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

बाई बसली नाही. तिने मागच्या सहा चौकटींवरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवली आणि मग दोनताईंकडे पाहिलं. "यात तुमचं प्रमाणपत्र कुठलं?"

"माझं नाही," दोनताई म्हणाल्या. "म्हणूनच विचारतेय."