थेंब, उजेड, फुगा

“मॅडम, आधी थेंब. मग उजेड. मग फुगा.” एवढं बोलून तो माझ्या नाकासमोर मूठ धरायचा आणि फटकन उघडायचा. दर वेळी मी दचकायची आणि दर वेळी त्याला वाटायचं, हिला विज्ञान कळलं.

परळच्या एका संशोधन संस्थेत मी खरेदी विभाग सांभाळते. शास्त्रज्ञ वस्तू मागतात, मी फायली वर पाठवते, वरचे त्या खाली पाठवतात. अशी आमची प्रगती चालू असते. हा मूठवाला शास्त्रज्ञ चौथ्या मजल्यावर कंत्राटावर होता. राहायला लालबागला, चाळीत, आई आणि तो.

त्याचे थेंब नुसत्या डोळ्यांना दिसत नसत. न दिसणाऱ्या वस्तूंसाठी मंजुरी मिळवणं किती सुखाचं असतं, हे तुम्ही कुठल्याही कचेरीत विचारा. हे थेंब रक्तातून कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचणार, लेझरचा उजेड पडला की त्यांचे बुडबुडे होणार, ते सोनोग्राफीत लख्ख दिसणार. पुढेमागे तिथेच फुटून औषधही सोडणार. तूर्तास पेशंट म्हणजे चायना ग्रासची वडी होती. डब्यात लावलेली, पांढरी, अतिशय सोशिक.

अडचण एवढीच, की थेंबांना उकाडा सोसत नसे. तापले की उजेडाची वाट न बघता फुगून मोकळे. बर्फाचं मशीन बंद पडलं होतं आणि नव्याची फाइल वरच्या मजल्यावर विश्रांती घेत होती. त्यातच समितीची भेट ठरली. समितीला बुडबुडे दिसले तर त्याचं कंत्राट वाढणार. नाहीतर परदेशातल्या एका लॅबने त्याला बोलावलंच होतं.

“मग जा की,” मी म्हटलं. “तिथे बर्फ तरी मिळेल.”

“आणि आई? मी वडाळ्याला गेलो तरी पोचलास का म्हणून दोनदा फोन करते.”

समितीच्या दिवशी सकाळी तो भलामोठा थर्मास छातीशी धरून आला.

“बर्फ कुठून आणलात, डॉक्टर?”

“नाक्यावरच्या मावशीकडनं. हल्ली रोज तिच्याकडनंच नेतो.”

मावशी म्हणजे मासे विकणारी कोळीण. मी झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

“अहो, धुतलात तरी का?”

“बर्फ धुतात का, मॅडम?”

अंधाऱ्या खोलीत समितीचे तीन सद्गृहस्थ गॉगल लावून बसले. बांगड्याचा वास हळूहळू सगळ्यांना भेटून आला. एकाने विचारलं, “पण सोनोग्राफी तर आधीपासून आहेच ना?” असा प्रश्न विचारायला फार वरच्या पदावर जावं लागतं.

मग लेझर लागला. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका उमटला. मग दुसरा. मग वडीच्या मधोमध मूठभर चांदणंच. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याची मूठ मिटलेलीच होती. बोलायचंही तो विसरला होता.

शेवटी मीच म्हटलं, “फुगा.”

समितीला काम उल्लेखनीय वाटलं, वास त्याहून उल्लेखनीय वाटला, आणि मुदतवाढीचा विचार तिने पुढे ढकलला. पुढे म्हणजे त्याचं विमान उडाल्यानंतर. आई डोंबिवलीला लेकीकडे गेली. चाळीतल्या खोलीला कुलूप लागलं.

आणि मग बर्फाचं मशीन आलं. उत्तम आहे. दिवसभर इमानाने बर्फ पाडतं, संध्याकाळी शिपाई तो मोरीत ओततो.

परवा नाक्यावर पापलेटं घेत होते. मावशीने विचारलं, “काय गो बाय, तुमच्या हापिसातला बर्फवाला येत नाय तो? त्याच्यासाठी चांगला तुकडा बाजूला ठेवते मी.”

सरळ सांगायचं होतं, की परदेशात गेला. पण मी तिच्या नाकासमोर मूठ धरली आणि उघडली.

ती दचकली. मग बाजूला ठेवलेला तो तुकडा उचलून तिने माझ्या पापलेटांवर ठेवला.