चार मीटर केबल

केबल संपली तेव्हा मी मांडीइतक्या खोल चरात उभा होतो. ज्या भिंतीवर स्विचचा डबा बसवायचा होता, ती अजून चार मीटर लांब होती. मी केबलचं टोक धरून दोनदा ओढून पाहिलं. ओढल्यानं तांब्याची केबल लांब होत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तरी ओढली.

वर खुर्ची टाकून आबा बसले होते. "काय झालं, दिलीपराव?"

"कमी आली," मी म्हणालो. "दुकानानं कापताना घोळ घातला."

हे खोटं होतं. ते कसं, तेच सांगायला बसलो आहे.

मी इंदापुरातला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. तीस वर्षांत बहुतेक काम शेतीपंपांचं, बाकी घरांचं. हॉट टब हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो पळसदेवला, आबांच्या अंगणात. आबा मोजणी खात्यातून भूकरमापक म्हणून रिटायर झालेले. अर्ध्या तालुक्याचे बांध त्यांनी मोजले असतील. त्यांच्या पत्नी सुमनकाकू दहा वर्षं संधिवातानं आखडलेल्या. बोटं वळलेली, गुडघे सुजलेले, आणि अलीकडे हृदयानंही त्रास द्यायला सुरुवात केलेली. बारामतीला फिजिओथेरपीसाठी नेलं तेव्हा तिथल्या कोमट पाण्याच्या हौदात त्यांना एकदाच बसवलं होतं. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या हातानं वेणी घातली. पुण्याच्या लेकीनं हे ऐकलं आणि टबच पाठवून दिला. चार माणसं बसतील एवढा, आत हीटर आणि पंप, अंगणात ठेवायचा. पाणी फार गरम नको, दहा मिनिटांवर बसायचं नाही, या अटीवर डॉक्टरांनीही होकार दिला.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काकू ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या.

"पाण्याखाली दिसतंय का आमचं जुनं गाव?" त्यांनी मान धरणाच्या बॅकवॉटरकडे वळवली. "तितं नदीला पव्हायची मी. ह्या काठावरनं त्या काठाला. आता पव्हायचं न्हाय, बाबा. मानेपतूर पाण्यात बसायचंय निस्तं."

"बसवू की, काकू. आठ-दहा दिवसांत."

आठ-दहा दिवस हे मीच सांगितलं होतं. कुणी विचारलं नव्हतं.

आबांना वाटलं होतं, हे दुपारभराचं काम. त्यांनी विहिरीवरच्या पंपाचा जुना लोखंडी डबा काढून पुसून ठेवला होता.

"ह्यो चालंल की. वीस वर्सं उन्हापावसात हाय."

मी डबा उघडून दाखवला. आत पालीची अंडी, तळाला गंजाचा चुरा, आणि वायर वरच्या भोकातून आत आलेली. वरून वायर आली की तिच्या अंगावरून पाणीही आत येतं. पंपाला ते चालून जातं, कारण पंपात कुणी बसत नाही. इथं माणूस ओल्या अंगानं पाण्यात बसणार. म्हणून डबा प्लास्टिकचा, झाकणाला रबरी पट्टी असलेला, आणि केबल खालच्या बाजूनं घट्ट नटातून आत. त्या नटाला आम्ही ग्लँड म्हणतो. अशा डब्यावर आयपी पासष्ट असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला सहा म्हणजे धूळ आत जाणार नाही, पाच म्हणजे पाइपानं पाणी मारलं तरी चालेल. डबा टबमधून दिसला पाहिजे, पण टबमध्ये बसलेल्याचा हात त्याला पोचता कामा नये. घराकडच्या बोर्डात एक आरसीसीबी. जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो का, एवढंच ती बघत बसते. जरा कमी आला, म्हणजे तो कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला असं समजून ती लाइन तोडते.

"सावकारापेक्षा चिकट हाय की तुमची आरसीसीबी," काकू ओट्यावरून म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो.

मग केबल. टब तीस अँपिअरच्या आसपास ओढणार, अंतर लांब, आणि आमच्याकडचं व्होल्टेज कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. केबल बारीक घेतली तर वाटेतच दम सोडते. म्हणून तांब्याची, तीन कोअरची म्हणजे आत तीन तारांची, दहा स्क्वेअर मिलिमीटर जाडीची, आणि वरून पोलादी तारांचं चिलखत असलेली आर्मर्ड केबल. म्हणजे उद्या कुणाची कुदळ लागली तरी आत जाणार नाही. ही इंदापुरात मिळत नाही. पुण्याहून ड्रमवरून मापानं कापून मागवावी लागते.

आणि माप मी पावलांनी घेतलं.

आमच्या भागात पंपाची केबल अशीच मोजतात. विहिरीपासून पेटीपर्यंत चालत जायचं, पावलं मोजायची. माझं पाऊल अडीच फुटांचं. त्याचा मला अभिमानच होता म्हणा ना. केबल उरली तर कुंपणाला वेटोळं अडकवायचं, कमी पडली तर जोड द्यायचा. पंपाला सगळं खपतं. त्या दिवशी मी ऐटीत, मोठ्यानं मोजत चाललो. पंचाहत्तर पावलं. म्हणजे सत्तावन्न मीटर. मी अठ्ठावन्न मागवली.

चर शोषखड्ड्याला वळसा घालून जाणार होता, ते मी धरलं नाही. दोन्ही टोकांना केबल अडीच फूट खाली उतरते आणि पुन्हा छातीइतकी वर चढते, तेही धरलं नाही. डब्यावर दोन आकडे कशाचे, हे मी आबांना अर्धा तास समजावलं होतं. आणि खिशातला टेप तेवढा काढला नाही.

तर मी चरात उभा, आणि आबा वर.

"गोठ्यात मोटरीची केबल पडलीय," ते म्हणाले. "तेवढ्याला जोड देऊन टाका. एकदा बसू द्या तिला. मग उपसून टाका सगळं."

"जोड पाण्याजवळ येतोय, आबा. मी देणार नाही."

"मी हितं उभा ऱ्हातो की. काय झालं तर बटण बंद करतो."

"काय झालं हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो."

आबांचा चेहरा उतरला. गेली दहा वर्षं त्यांनी काकूंसाठी कुणाकुणाकडे शब्द टाकला असेल, कोण जाणे. माझ्याकडेही टाकून पाहिला. आतून काकूंचा आवाज आला. "त्यांचं ऐका वो. आठ दिवसानं काय व्हतंय?"

मी नवी केबल मागवली. पूर्ण लांबीची, अखंड. पुण्याच्या दुकानात ड्रम संपला होता. आज येतो, उद्या येतो, असं चाललं. सहाव्या दिवशी सकाळी आबांचा फोन आला. मला वाटलं, केबलची चौकशी.

"दिलीपराव, ती गेली. च्या घिऊन गेलो तर उठलीच न्हाय."

केबल नवव्या दिवशी आली. मी ती दुकानाच्या कोपऱ्यात उभी केली आणि वर पोतं टाकलं. मला ती बघवत नव्हती. काकूंच्या पुण्यानुमोदनाला गेलो. वंदना झाली, लोक जेवायला बसले. अंगणात टब ताडपत्रीखाली होता आणि चर तसाच उघडा. पोरं त्यात उतरून खेळत होती. मी न जेवता निघालो.

पंधरा दिवसांनी आबांनीच बोलावलं. "काम पुरं करा. तिनं कुठलं काम अर्धं टाकलं न्हवतं."

मी गेलो. टेपनं तीनदा मोजलं. केबल चरात अंथरली, वाळू, वर विटा, वर माती. अर्थिंगचा खड्डा तपासला. डबा बसवला, ग्लँड आवळली. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलं, तिनं लाइन तोडली. टब भरला. पाणी तापायला दुपार गेली. टबच्या पॅनेलवर छत्तीस अंश दिसले तसे आबा उठले, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

"बरं हाय," ते म्हणाले. "तिला सोसलं असतं."

मला राहवेना. "आबा, दुकानाची चूक नव्हती. माप माझं चुकलं. मी पावलांनी मोजलं होतं."

त्यांनी हात काढला नाही. "ठाऊक हाय. मोठ्यानं मोजत हुता तुमी. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर. मी ओट्यावरच हुतो."

"मग बोलला का नाहीत? मी खोटं बोललो तेव्हा तरी?"

"तुमी गेल्यावर फोन लावणार हुतो. ती म्हणाली, त्या माणसाला खाली बघायला लावू नका, माझ्या जिवाला जपून काम करतोय." मग त्यांनी पाण्यातला हात फिरवला. "आन त्याच्या आदी मोजताना का न्हाय बोललो, ते मला इचारा. सारी नोकरी लोकांच्या बांधाला चेन लावत गेली माझी. वळसा सुटला, उतार सुटला, मला बसल्या जागी दिसत हुतं. टेप आतल्या कपाटात हुता. म्हटलं जाणता माणूस हाय, कशाला टोकायचं. उठलो न्हाय मी."

मला रडू आलं. आबा रडले नाहीत. त्यांनी हात पुसला आणि मला लाइन बंद करायला सांगितली.

आता काम कितीही लहान असो, मी टेप लावतो. दुसरा कुणी पावलांनी मोजताना दिसला, मग तो माझ्यापेक्षा मोठा कॉन्ट्रॅक्टर का असेना, मी उठून टेप त्याच्या हातात देतो. बहुतेकांना राग येतो. येऊ दे.